साठीनंतर नवं गाव, पण स्वतःच्या नावावर

पंचविशीतला मुलगा सांगलीत राहायला आला की लोक विचारतात, कशासाठी आलास? पासष्टीतला माणूस आला की विचारतात, कुणाकडे आलात? दोन्ही प्रश्न आपुलकीनेच विचारलेले असतात. पण दुसऱ्यात एक गोष्ट आधीच धरून चाललेली असते, की या वयात माणूस कुणाच्या तरी घरी येतो, गावात राहायला येत नाही. माझं भांडण या समजुतीशी आहे. उतारवयात गाव बदलणं काहींना भाग पडतं, काहींना ते मनापासून करायचं असतं. ते फसतं तेव्हा आपण वयाला दोष देतो. मला वाटतं, ते फसतं कारण नव्या गावात त्या माणसाच्या स्वतःच्या नावावर काहीच नसतं. पत्ता मुलाचा, ओळख मुलाची, दिवसभराचं काम सुनेने सोपवलेलं. हे बदलायला त्या माणसाची हिंमत पुरत नाही. गावाने, महापालिकेने आणि सरकारनेही आपला वाटा उचलावा लागतो.

मी नोकरी पोस्टात केली. निवृत्तीनंतर सांगलीतल्या विश्रामबागेत आमच्या भागातल्या ज्येष्ठांचे अर्ज भरून द्यायला बसते. खिडकीच्या दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर एक फरक ठळक दिसतो. पैशाला गाव बदलणं आता सोपं झालं आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं खातं एका अर्जावर सांगलीहून नाशिकला जातं. ईपीएसची, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेची पेन्शन जानेवारी २०२५ पासून देशातल्या कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेतून घेता येते. हयातीचा दाखला मोबाइलसमोर चेहरा धरून निघतो, आणि ते जमत नसेल तर पोस्टमन घरी येऊन काढून देतो. सत्तरी पार केलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात, उत्पन्नाची अट नाही, आणि योजनेतलं रुग्णालय देशात कुठेही चालतं. ही सगळी चांगली कामं झाली आहेत आणि त्याबद्दल मी मोकळेपणाने समाधान मानते.

माणसाचं मात्र तसं नाही. अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ साली रेशनकार्डावर घरातल्या सगळ्यांत मोठ्या बाईला कुटुंबप्रमुख केलं. तीच बाई नवरा गेल्यावर पुण्याला मुलाकडे जाते. तिथे वीजबिल मुलाच्या नावावर, फ्लॅट मुलगा-सुनेच्या नावावर, गॅसची जोडणी त्यांचीच. तिच्या नावाचा एकही कागद त्या घरात नसतो. आधारवरचा पत्ता बदलायचा तर २०२३ पासून कुटुंबप्रमुखाच्या संमतीने बदलण्याची सोय आहे. म्हणजे मुलगा कुटुंबप्रमुख, आणि त्याने पोर्टलवर संमती दिली की आईचा पत्ता बदलणार. सोय म्हणून ती उपयोगाची आहे, मीही अनेकांना तोच मार्ग सांगते. पण कागदावर त्या बाईचं काय झालं तेही पाहायला हवं. कालपर्यंत जिच्या नावावर घराचं धान्य येत होतं, ती आज मुलाच्या संमतीवर त्या शहराची रहिवासी झाली. मुलगा चांगला असेल तर तिला हे जाणवणारही नाही. पण एखाद्या बाईचं शहरातलं स्थान मुलाच्या चांगुलपणावर अवलंबून ठेवणं ही व्यवस्था म्हणता येत नाही.

‘जुनं झाड उपटून लावलं की जगत नाही’, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. माणसाच्या बाबतीत ते खरं नाही, आणि त्याचे पुरावे आपल्याच सांगली-सातारा या दोन जिल्ह्यांत आहेत. गायक अब्दुल करीम खाँ उत्तर प्रदेशातल्या कैराण्याचे. बडोदा, मुंबई, पुणे करत ते मिरजेत स्थिरावले तेव्हा पन्नाशीच्या आसपास होते. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना ते गेले, पण दफन मिरजेतच झालं, आणि मिरासाहेबांच्या दर्ग्यात आजही त्यांच्या स्मरणार्थ गायक हजेरी लावायला येतात. मिरजेत त्यांना कुणी परगावचा म्हणत नाही. दुसरं उदाहरण याहून थक्क करणारं आहे. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचं स्वाध्याय मंडळ सातारा जिल्ह्यात औंधला होतं. तिथे छापखाना होता, वेदांचे ग्रंथ तिथून छापून निघत. १९४८ साली, गांधीहत्येनंतरच्या दंगलींच्या आणि संस्थानांच्या विलीनीकरणाच्या त्या वर्षात, त्यांनी औंध सोडलं आणि गुजरातेत पारडीला सगळं पुन्हा उभं केलं. तेव्हा त्यांचं वय ऐंशी होतं. पुढची वीस वर्षं ते तिथे काम करत राहिले आणि १९६८ साली, शंभरी पार करून, गेले.

ही मोठी माणसं होती, सामान्यांचं काय, असं कुणी म्हणेल. म्हणून त्यांच्या मोठेपणाकडे नाही, त्यांच्या सामानाकडे बघा असं मी म्हणते. खाँसाहेबांबरोबर गाणं आलं, पंडितजींबरोबर छापखाना गेला. नव्या गावात पाऊल ठेवलं त्या दिवसापासून त्यांच्या हातात स्वतःचं काम होतं. ते कुणाकडे आले नव्हते.

सामान्यांचा दाखला हवा तर तोही देते. माझं माहेर पाटण तालुक्यातलं. आमच्या आणि जावळी, खटाव, माण या भागांतल्या घराघरांतून मुंबईच्या गिरण्यांत माणसं होती. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यातले कितीतरी पंचेचाळिशी-पन्नाशीला गावी परतले. ‘आपल्या गावी’च परतले, त्यामुळे त्यांना नवं काही सुरू करावं लागेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. पण वीस-पंचवीस वर्षांत गावाने त्यांच्याशिवाय चालायची सवय करून घेतली होती. शेत भावाने कसलेलं, घरात भावाचा संसार वाढलेला. मी जे पाहिलं ते असं: ज्याचं नाव सातबाऱ्यावर नीट लागलेलं होतं, किंवा ज्याच्या हाताला गावात चालेल असं काम होतं, म्हणजे कुणी पिठाची गिरणी टाकली, कुणी मोटार रिवाइंडिंग शिकून आला होता, तो दोन-तीन वर्षांत उभा राहिला. ज्याचं नाव कुठेच नव्हतं तो भावाच्या ओसरीवर म्हातारा झाला. दोघांचं वय एकच होतं.

आज ओघ उलटा आहे. सांगली-साताऱ्यातून साठीनंतर जे पुण्याला जातात त्यांत मोठा वाटा आयांचा आहे. कात्रज, सिंहगड रोड, हडपसर, वाकड या भागांत दुपारी चारला सोसायटीच्या बागेत जाऊन बसा, आपल्याकडची बोली ऐकू येईल. या बायका नातवंडं सांभाळायला गेलेल्या असतात. ते त्यांना आवडतही असतं, ते काम हलकं आहे असं मी म्हणणार नाही. पण काम म्हणून त्याची मोजणी होत नाही, सुट्टी नसते, आणि नातवंड दहा-बारा वर्षांचं झालं की ते संपतं. मग ती बाई सत्तरीला पोचलेली असते, सांगलीतलं घर विकलेलं किंवा भाड्याने दिलेलं असतं, आणि पुण्यात तिला नावाने ओळखणारं घराबाहेर कुणी नसतं. ‘अमुकची आजी’ एवढीच ओळख.

यात एका निर्णयाने फार मोठा फरक पडला आणि त्याची चर्चा व्हायला हवी तितकी झाली नाही. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटी मोफत झाली, आणि मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट. तिजोरीवर भार पडतो म्हणून या सवलतीवर टीका होते. टीका करणाऱ्यांनी स्वारगेटला सांगलीच्या गाडीत चढणाऱ्या साठीच्या बायकांना विचारावं. मुलाकडे पैसे न मागता, न सांगता-विचारता, स्वतःच्या पिशवीतून तिकीट काढून बहिणीकडे चार दिवस जाऊन येता येणं, याने त्यांचं पुण्यात राहणं सुसह्य झालं आहे. परतीची वाट उघडी असली की नव्या गावात मन लागतं. ती वाट बंद करून माणसाला कुठेही न्या, त्याला ते कोंडल्यासारखंच वाटणार.

परतीची वाट बंद होते ती बहुतेकदा घर विकल्याने. माझ्यासमोर अर्ज भरायला बसणाऱ्यांना मी एकच गोष्ट हट्टाने सांगते: जा, पण निदान एक वर्ष घर विकू नका, आणि बक्षीसपत्र तर करूच नका. करायचंच असेल तर सांभाळाची अट त्यात लिहून घ्या. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आहे. त्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडली तर परत मिळवता येते. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा, वकिलाची गरज नाही. आणि गाव बदललेल्यांसाठी या कायद्यातली सगळ्यांत मोलाची तरतूद अशी की निर्वाहाचा अर्ज स्वतः राहतो तिथे, आधी राहत होतो तिथे, किंवा मुलं राहतात तिथे, यांपैकी कुठेही करता येतो. पुण्याहून परत आलेल्या माणसाला सांगलीत बसून दाद मागता येते. हे आमच्या भागातल्या सुशिक्षित निवृत्तांनाही माहीत नसतं. निर्वाहाची कमाल रक्कम मात्र महिना १०,००० रुपयांवरच अडकलेली आहे. २००७ साली ती ठीक असेल, आज भाड्याच्या दोन खोल्या आणि औषधं यांतच ती संपते.

आता आपल्या गावाकडे वळते. सांगली-मिरजेत साठीनंतर राहायला येणारे पुष्कळ आहेत. काही मुंबईतलं छोटं घर विकून येतात, काही जत-आटपाडीकडून दवाखान्याच्या सोयीसाठी येतात. मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय काढलं तेव्हापासून कर्नाटकापर्यंतची माणसं इथे उपचाराला येत आली आहेत. पुढे १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आलं. गावं अंतराने जवळ, भाजी मंडईत ताजी, नाटक-गाण्याची आवड जुनी. म्हातारपणी राहायला हे गाव चांगलं आहे, आणि हे मी सांगलीकर म्हणून अभिमानाने सांगते.

पण येणाऱ्याला आपण काय देतो? आधी घराचा प्रश्न. जोडप्याला भाड्याने जागा मिळते. एकट्या, सत्तरीच्या बाईला मिळत नाही. ‘उद्या काही झालं तर आम्ही कुठे धावायचं’, हे घरमालकाचं उत्तर असतं. त्याची भीती खोटी नाही, पण ती दूर करता येण्यासारखी आहे. ज्येष्ठांच्या कायद्याखालच्या नियमांप्रमाणे प्रत्येक पोलीस ठाण्याने आपल्या हद्दीतल्या, विशेषतः एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवायची असते आणि अधूनमधून भेट द्यायची असते. ती यादी जिवंत ठेवली, त्यात डॉक्टरचा आणि जवळच्या नातेवाइकाचा नंबर असला, आणि घरमालकाला ते माहीत असलं, तर त्या बाईला जागा मिळणं निम्मं सोपं होईल.

दुसरी गोष्ट खास आपल्या गावाची. सांगलीत पाणी कुठवर येतं हे जुन्या माणसाला ठाऊक असतं. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे इथल्या शाळकरी पोराला पाठ आहे. बाहेरून आलेल्या निवृत्ताला ते कोण सांगणार? गुडघे दुखतात म्हणून तो मुद्दाम तळमजला शोधतो. कर्नाळ रोडकडे किंवा मारुती चौकाच्या आसपास त्याला तो इतर भागांपेक्षा स्वस्त मिळतो, आणि आयुष्याची पुंजी तो तिथे घालतो. २००५ चं पाणी पाहिलेल्या जुन्या सांगलीकरांचाही अंदाज २०१९ ला चुकला. पाणी तेव्हाच्या खुणा ओलांडून ५७ फुटांच्या घरात गेलं. मग नवख्याने काय करावं? प्रत्येक पूरबाधित गल्लीत २०१९ च्या पाण्याची खूण भिंतीवर रंगवलेली असावी, आणि घर विकताना किंवा भाड्याने देताना ती सांगणं महापालिकेने बंधनकारक करावं. यामुळे त्या भागातल्या जागांचे भाव पडतील, असं म्हणणारे असतील. पडतील. पण म्हाताऱ्या माणसाला अंधारात ठेवून टिकवलेले भाव मला मान्य नाहीत.

तिसरी गोष्ट कामाची. इथे माझं अनेकांशी जमत नाही. निवृत्तांसाठी आपण काय करतो, तर विरंगुळा केंद्र काढतो, बाकं टाकतो, भजनाला जागा देतो. ते हवंच. पण गावात नव्याने आलेल्या माणसाला विरंगुळ्यापेक्षा गरज हवी असते, म्हणजे आपली कुणाला तरी गरज आहे हे कळायला हवं असतं. मुंबईत तीस वर्षं लेखा विभागात काढलेला माणूस हळदीच्या अडत दुकानात अर्धा दिवस दिवाणजी म्हणून बसू शकतो. निवृत्त शिक्षिका कुपवाडच्या कामगार वस्तीत संध्याकाळचा अभ्यासवर्ग घेऊ शकते. स्वतःचा छोटा उद्योग काढायचा तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात वयाची वरची मर्यादाच नाही. ती आपल्या मनात आहे आणि कर्ज देणाऱ्यांच्याही मनात आहे. तरुणांना काम मिळत नाही तिथे म्हाताऱ्यांना कसलं काम देता, हा आक्षेप मी गांभीर्याने घेते. पूर्ण पगाराच्या जागा तरुणांच्याच आहेत. पण अर्धा दिवस, थोड्या मानधनावरची, अनुभव लागणारी किती कामं कुणी करत नाही म्हणून तशीच पडून आहेत, ते कुठल्याही ग्रंथालयात, सहकारी सोसायटीत किंवा शाळेच्या कार्यालयात जाऊन विचारावं.

एक गोष्ट मी कबूल करते. ज्यांची स्मृती ढासळू लागली आहे, त्यांना नव्या जागेत नेणं खरोखर घातक ठरू शकतं. ओळखीच्या घरात हाताला लागणारा दिव्याचा खटका, न्हाणीघराची दिशा, शेजारणीचा आवाज यांच्या आधाराने ती माणसं उभी असतात. त्यांच्यासाठी मुलांनीच हलावं, किंवा घरीच सोय करावी. म्हणून तर मी म्हणते की गाव बदलायचंच असेल तर अठ्ठावन्न-साठीला बदला, पाय चालत असताना, नव्या बाजारात आपलं दुकान आपण शोधू शकत असताना. आपण उलट करतो. पंचाहत्तरीपर्यंत थांबतो, पडून हाड मोडलं की मुलगा गाडी घेऊन येतो, आणि तो निर्णय रुग्णवाहिकेसारखा घाईत होतो.

आणि शेवटी आपल्या जिल्ह्यातल्या त्या माणसांबद्दल, ज्यांच्यासाठी हा लेख लिहायला घेतला. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या दुष्काळी भागातून पिढ्यान्‌पिढ्या माणसं गलाईच्या धंद्यात गेली. सोन्या-चांदीचे जुने दागिने गाळून शुद्ध करायचे, सराफाच्या दुकानातली धूळ घेऊन तिच्यातून सोनं काढायचं. केरळ, तामिळनाडू, बंगाल, उत्तर प्रदेश, जिथे सराफ कट्टा तिथे विट्याकडचा गलाईवाला. त्यातल्या काहींनी पैसा केला, गावी बंगले बांधले, आणि आपण त्यांच्याच गोष्टी सांगतो. पण प्रत्येक दुकानाच्या मालकामागे भट्टीपुढे बसलेले कामगार होते. पंधरा-सोळा वर्षांचे असताना नातेवाइकाबरोबर गेले, ॲसिडच्या धुरात छाती खराब करून घेतली, आणि साठीला दम लागायला लागला तेव्हा मालकाने प्रेमानेच म्हटलं, आता गावी जा.

गावी आल्यावर हा माणूस कोण असतो? लोक म्हणतात, घरी आला. पण त्याचे मित्र कोईमतूरला आहेत. बायकोची शेजारीण तमिळ बोलणारी होती. मुलं तिकडच्या शाळेत शिकली, तिकडेच राहिली. गावातल्या त्याच्या वयाच्या माणसांच्या गप्पा सोसायटीच्या निवडणुकीच्या, ऊसबिलाच्या, टेंभू सिंचन योजनेच्या पाण्याच्या असतात, त्यांत त्याला सांगण्यासारखं काही नसतं. रेशनकार्ड तिकडचं, मतदारयादीत नाव तिकडे. मतदारयादीतलं नाव एका अर्जाने इकडे आणता येतं; ते मी करून देते. अडतं ते पुढे. श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० रुपये मागायला गेला तर अट अशी आहे की अर्जदार किमान १५ वर्षं महाराष्ट्राचा रहिवासी हवा. जन्म इथला, सातवीपर्यंतची शाळा इथली, वडिलांचं नाव इथल्या सातबाऱ्यावर, आणि तरी सलग १५ वर्षांचा रहिवास त्याच्याकडे नाही, कारण ती वर्षं त्याने परमुलखात भट्टीपुढे काढली. तलाठ्याने तरी दाखला कशाच्या आधारावर द्यावा?

परराज्यातल्या लोकांनी इथे येऊन लाभ लाटू नये म्हणून ही अट आहे, हे मला समजतं. तो हेतू राखूनही वाट काढता येते. अर्जदाराचा जन्म महाराष्ट्रातला असेल, शाळा सोडल्याचा दाखला किंवा आई-वडिलांच्या नावाचा जमिनीचा उतारा इथला असेल, आणि दुसऱ्या राज्यातली पेन्शन घेत नसल्याचं तो लिहून देत असेल, तर १५ वर्षांची अट त्याला लावू नये. उत्पन्नाची वार्षिक २१,००० रुपयांची मर्यादाही कधीच कालबाह्य झाली आहे, पण ती वेगळी लढाई आहे आणि ती सगळ्या राज्याची आहे. रहिवासाच्या अटीचा फटका मात्र आपल्या जिल्ह्यातल्या या माणसांना जास्त बसतो, म्हणून ती मागणी आपल्या आमदारांनी लावून धरली पाहिजे. तिच्यासाठी नवा कायदा लागत नाही. सामाजिक न्याय विभागाचा एक शासन निर्णय पुरेसा आहे.